मुलींचं दप्तर कुणाच्या ताब्यात?



आपल्या गटातली एक जुनी मैत्रीण दरवर्षी सहा महिने लेकीकडे न्यूजर्सीला असते. नातवंडं सांभाळायला. (त्या बिनपगारी नोकरीबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहायला हवं.) गेल्या खेपेला ती परतली ती एक प्रश्न घेऊनच. लेकीनं धाकट्याचं शाळेत नाव घातलं. शाळेत जावं लागलं नाही, ओट्याशी उभ्या उभ्या तिनं फोनवर अर्ज भरला. घरचा पत्ता, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरात कोणती भाषा बोलता, शाळेतून मूल न्यायची परवानगी कोणाकोणाला, आणि आईवडील वेगळे राहत असतील तर ताबा कोणाकडे, कोर्टाचा काही मनाईहुकूम आहे का.

मैत्रिणीनं विचारलं, "हे सगळं राहतं कुठं गं?"

"क्लाउडवर, आई."

"म्हणजे ढगात?"

दोघी हसल्या. पण ही बाई तीस वर्षं आपल्या सल्ला केंद्रावर बसलेली. 'मनाईहुकूम' हा शब्द काही तिच्या डोक्यातून जाईना. मनाईहुकूम घेणाऱ्या बाईचा नवा पत्ता आणि तिच्या मुलाच्या शाळेची वेळ हे दोन्ही एकाच कागदावर असलं, तर तो कागद कुणाच्या हाती आहे हा तिच्या जिवाचा प्रश्न असतो. आपल्याला हे शिकवायला संगणकाचा तज्ज्ञ नको. मैत्रिणीनं विषय काढला म्हणून मी वाचत गेले, आणि वाचताना अनेकदा आपल्या केंद्रातलं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर येत राहिलं.

आधी हा ढग काय ते सांगते, कारण शब्द फसवा आहे. ढग म्हणजे दुसऱ्याचा संगणक, बाकी काही नाही. शाळेची नोंद शाळेच्या कपाटात न ठेवता एखाद्या कंपनीच्या मोठ्या यंत्रगृहात ठेवायची आणि लागेल तेव्हा इंटरनेटवरून मागवायची. आपल्याकडे वस्तीतल्या बायका दारुड्या नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून पैशांचा डबा शेजारणीकडे ठेवतात ना, तसंच. फरक एवढाच, की शेजारीण आपल्या माहितीतली असते. इथं ती कोण, तिनं किल्ली आणखी कुणाला दिली, एकाच फडताळात किती जणींचे डबे रचलेत, यातलं काही कळत नाही.

अमेरिकेत शाळा चालवतात ते 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. हा आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. फक्त शाळांसाठी असलेलं, बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं मंडळ, पूर्वी आपल्या नगरपालिकांची शिक्षण मंडळं असत तसं काहीसं. असे सुमारे तेरा हजार डिस्ट्रिक्ट आहेत. काहींत लाखो मुलं, काहींत दोनतीनशे. लहान डिस्ट्रिक्टमध्ये संगणकाचं सगळं काम एखादाच माणूस पाहतो. त्यानं स्वतः यंत्रं सांभाळण्यापेक्षा कंपनीकडे सोपवणं शहाणपणाचं, हा युक्तिवाद चुकीचा नाही. मी कागदाच्या बाजूनं भांडायला बसलेले नाही. कागदही फुटतो, चहाच्या कपावर फुटतो. पण कपाट फुटलं तर एका शाळेचं फुटतं. यंत्रगृह फुटलं तर काय होतं ते पाहा.

डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या कंपनीचं फुटलं. साठहून अधिक देशांत नव्हे, नव्वदेक देशांत हिची गिऱ्हाइकं आहेत, आणि अमेरिका-कॅनडातल्या हजारो डिस्ट्रिक्टची विद्यार्थी-नोंदवही तीच चालवते. चोर भिंत फोडून आला नाही. ग्राहकांना मदत करण्यासाठी ठेवलेल्या दारातून, दुसऱ्याच्या चोरलेल्या पासवर्डनं आत आला. त्या दाराला दुसरं कुलूप नव्हतं. बँकेतून पैसे काढताना आपल्या फोनवर आकडा येतो, तेवढीही पडताळणी नव्हती. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे तक्ते त्यानं उचलून नेले. नावं, पत्ते, जन्मतारखा, काहींचे सामाजिक सुरक्षा क्रमांक, काही ठिकाणी आजारपणाच्या नोंदी. टोरोंटोच्या मंडळातून गेलेल्या नोंदी तर १९८५ पर्यंत मागे जाणाऱ्या होत्या. म्हणजे त्या वर्षी शाळेत असलेल्या मुली आज आपल्या वयाच्या आहेत. काही शाळांच्या बाबतीत आईबापांपैकी कुणाला मुलाला भेटण्याची मनाई आहे, ती माहितीही या नोंदवहीत होती, असं तेव्हा वार्ताहरांनी लिहिलं. आमच्या मैत्रिणीची शंका फुकाची नव्हती.

कंपनीनं खंडणी भरली. चोरानं माल नष्ट करत असल्याची चित्रफीत दाखवली, आणि त्यावर विश्वास ठेवून लोकांना सांगण्यात आलं की आता काळजी नको. मे २०२५ मध्ये तोच माल दाखवून थेट डिस्ट्रिक्टकडे पैसे मागणारी पत्रं आली. चित्रफितीत नकला जळताना दाखवता येतात, उरलेल्या नकला दाखवता येत नाहीत. पकडला गेला तो मॅसॅच्युसेट्समधला एकोणीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर भरपाईचा हुकूम झाला. त्याला शिक्षा झाली हे बरंच झालं. पण तेवढ्यानं विषय मिटवणाऱ्यांना मला विचारायचंय की दार उघडं कुणी ठेवलं होतं?

ही मोठी चोरी झाली. माझी झोप मात्र उडवली ती एका त्याहून पुष्कळ लहान घटनेनं.

मिनियापोलिसच्या शाळांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोर टोळीनं हल्ला केला आणि दहा लाख डॉलर मागितले. डिस्ट्रिक्टनं ते दिले नाहीत. मार्चमध्ये टोळीनं तीन लाखांहून जास्त फायली इंटरनेटवर टाकून दिल्या. त्यांत हजेरीपत्रकं असतील, पगारपत्रकं असतील. आणि त्यांत मुलींच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींच्या अख्ख्या फायली होत्या. कुणी, कुठं, काय केलं, मुलगी काय म्हणाली, सगळं नावानिशी. आत्महत्येचे प्रयत्न, मानसोपचाराच्या इस्पितळातले दिवस, घरातली मारहाण. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या वार्ताहरांनी अशा सहा मुलांच्या घरी संपर्क साधला, तेव्हा त्या आईबापांना ही बातमी पहिल्यांदा कळली. शाळेनं नाही, वार्ताहरानं सांगितली. डिस्ट्रिक्टनं सुरुवातीला या प्रकाराला नाव काय दिलं होतं? 'एन्क्रिप्शन इव्हेंट'. 'स्टोव्हचा भडका उडाला' हे शब्द ज्यांनी वर्षानुवर्षं पंचनाम्यात वाचलेत, त्यांना या भाषेची ओळख लगेच पटेल.

या फायली शाळेत का होत्या, तेही सांगायला हवं. १९७२ साली तिथल्या स्त्रियांनी 'टायटल नाइन' हा कायदा मिळवला. शिक्षणात लिंगावरून भेदभाव नको, एवढं एका वाक्याचं ते कलम. त्यातूनच पुढे लैंगिक छळाच्या तक्रारीची दखल घेणं शाळांवर बंधनकारक झालं. म्हणजे मुलीनं बोलावं, शाळेनं ऐकावं, लिहून घ्यावं, हे स्त्रियांच्या चळवळीनंच मिळवलेलं. त्या लिहून घेतलेल्या कागदाचीच आता अशी गत. पुढच्या वेळी एखादी पंधरा वर्षांची पोर समुपदेशक बाईंसमोर बसेल, तेव्हा बोलायच्या आधी टेबलावरच्या संगणकाकडे बघेल.

आपल्याला हा धडा नवा नाही. मथुरा प्रकरणानंतर आपण रस्त्यावर उतरलो, १९८३ साली कायदा बदलला, आणि त्याच बदलात बलात्कारित स्त्रीचं नाव छापणं हा गुन्हा ठरवणारं २२८ अ हे कलम आलं. भारतीय न्याय संहितेत ते ७२ व्या कलमात आहे. त्या कलमानं वर्तमानपत्रांना आणि छापखान्यांना धाक घातला. पण ते छापणाऱ्यासाठी लिहिलेलं कलम आहे. नाव कुणी छापलंच नाही, नुसतं सांडू दिलं, तर?

लॉस एंजलिसचं उदाहरण याहून वेगळ्या कारणानं बोचलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या शाळांवर असाच हल्ला झाला, माल इंटरनेटवर आला. मुलांच्या मानसिक तपासणीचे अहवाल त्यात असल्याचा पुरावा नाही, असं अधिकारी सांगत राहिले. पत्रकारांनी शोधून काढल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे दोन हजार अहवाल गेल्याचं मान्य झालं. कुणालाही विचारा, या तपासण्यांसाठी रजा काढून, डॉक्टरांच्या दारात बसून, 'तुझ्याच लाडानं बिघडलं' हे ऐकून घेऊन मुलाला नेतं कोण? आईच. त्या अहवालांत मुलाच्या आजाराबरोबर आईचं घरही लिहिलेलं असतं: गरोदरपणात काय झालं, नवरा पितो का, मारतो का. मूल जातं शाळेत आणि उघडं पडतं सगळं घर.

आता पाळीबद्दल. फ्लोरिडात खेळात भाग घेणाऱ्या मुलींना वैद्यकीय अर्ज भरावा लागे. त्यात पाळी कधी सुरू झाली, शेवटची कधी आली, वर्षात किती वेळा आली, असे प्रश्न होते. ऐच्छिक, आणि पुष्कळ वर्षांपासूनचे. खेळाडू मुलींची पाळी थांबणं हे आजाराचं लक्षण असू शकतं, म्हणून डॉक्टरनं ते विचारावं हे बरोबरच आहे. कागद होता तोवर कुणी फारसं बोललं नाही. मग पाम बीच काउंटीत हे अर्ज एका खासगी कंपनीमार्फत ऑनलाइन भरून घ्यायला सुरुवात झाली. आणि जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. तोच प्रश्न, तेच उत्तर, पण त्याचा अर्थ पार बदलला. चुकलेल्या पाळीची तारीख हा आता पुरावा होऊ शकत होता. आया चिडल्या, डॉक्टर बोलले. मधल्या काळात राज्याच्या क्रीडा संघटनेच्या एका समितीनं तर हे प्रश्न सक्तीचेच करावेत अशी शिफारस केली! शेवटी ९ फेब्रुवारी २०२३ रोजी संघटनेच्या मंडळानं १४ विरुद्ध २ मतांनी ते प्रश्न काढून टाकले. वैद्यकीय तपशील डॉक्टरकडेच राहील, शाळेला फक्त 'खेळायला हरकत नाही' एवढं पान मिळेल, असं ठरलं.

मला या सगळ्यात हेच उदाहरण सर्वांत उपयोगाचं वाटतं. कुलूप किती मजबूत असावं यावर तज्ज्ञांनी वाद घालावा, अवश्य घालावा. पण त्या आयांनी कुलपाची चर्चाच केली नाही. त्यांनी विचारलं, ही वस्तू इथं ठेवलीतच कशाला? जे गोळाच केलं नाही ते चोरीला जाणार कसं?

असाच प्रश्न त्याआधी दहा वर्षं न्यूयॉर्क आणि कोलोरॅडोतल्या आयांनी विचारला होता. २०१३ साली इनब्लूम नावाची एक संस्था निघाली. गेट्स आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या पैशावर, दहा कोटी डॉलरच्या भांडवलावर. अनेक राज्यांतल्या मुलांची माहिती एका जागी ठेवायची आणि शैक्षणिक वस्तू विकणाऱ्या कंपन्यांना ती वापरू द्यायची, अशी ती कल्पना. मुलाला शाळेतून का काढलं, घरातली नाती काय, अशासुद्धा शेकडो रकान्यांची सोय. न्यूयॉर्कच्या लिओनी हेमसन, कोलोरॅडोच्या रेचल स्टिकलँड अशा बायका शाळामंडळांच्या सभांत उभ्या राहिल्या. त्यांना अडाणी, प्रगतीच्या आड येणाऱ्या ठरवण्यात आलं. एकामागून एक राज्यं बाहेर पडली, एप्रिल २०१४ मध्ये इनब्लूमनं गाशा गुंडाळला. त्याच वर्षी न्यूयॉर्कनं विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी स्वतंत्र कायदा केला, कॅलिफोर्नियानंही केला. दहा कोटी डॉलरविरुद्ध हातात पत्रकं घेतलेल्या आया. आपण याहून कमी भांडवलावर मोर्चे काढले आहेत, तेव्हा आश्चर्य वाटत नाही, बरं मात्र वाटलं.

त्यांच्या देशपातळीवरच्या कायद्याबद्दल बोलायचं तर तो १९७४ चा आहे. पोलादी कपाटांच्या काळातला. त्यात एक तरतूद अशी, की नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख ही 'निर्देशिकेतली माहिती' शाळा बाहेर देऊ शकते. पालकानं वेळेवर नको म्हणून कळवलं तरच थांबते. दुसरी अशी, की कोर्टाचा हुकूम किंवा तसा कायदेशीर कागद नसेल तर वेगळ्या राहणाऱ्या बापालाही मुलाची सगळी नोंद पाहण्याचा हक्क आहे. चांगल्या बापासाठी हे न्याय्यच आहे. पण घरातून जीव घेऊन पळालेल्या बाईकडे पहिल्या आठवड्यात कोर्टाचा हुकूम असतो का? आणि मुलाची माहिती फुटली म्हणून या कायद्याखाली पालकाला स्वतः दावा लावता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगून टाकलं आहे.

आणि आपल्याकडे? गेल्या वर्षी केंद्रावर आलेल्या एका बाईची हकीकत ओळख न देता सांगते. मराठवाड्यातल्या एका गावातून ती सहावीतल्या मुलीला घेऊन बहिणीकडे निघून आली. मुलीचं नाव जवळच्या शाळेत घातलं. आपल्याकडे आता मुलाची शाळा बदलताना नवी शाळा 'सरल'वरून जुन्या शाळेला ऑनलाइन विनंती पाठवते आणि जुन्या मुख्याध्यापकांनी ती मंजूर करायची असते. विनंती कुठल्या शाळेची, हे अर्थातच तिथल्या पडद्यावर दिसतं. नवऱ्यानं जुन्या शाळेत चौकशी केली आणि तो नव्या शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. आम्ही त्या शाळेत फोन केला तर कारकून शांतपणे म्हणाले, "मॅडम, बापच विचारतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?" त्यांनी ना पासवर्ड चोरला, ना काही लपवलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे बापाला सगळं कळायलाच हवं. पूर्वीही दाखल्यावरून माग काढता यायचाच. पण तेव्हा दाखला मागायला कोण, कधी, कुणामार्फत जाणार हे निदान आम्हाला ठरवता येई.

राष्ट्रीय पातळीवरची गोष्टही फार वेगळी नाही. जानेवारी २०२३ मध्ये उघडकीला आलं, की सरकारी 'दीक्षा' ॲपमधली दहा लाखांवर शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती क्लाउडवर कुलूप न लावता पडून होती. शिक्षकांची पूर्ण नावं, फोन नंबर, ईमेल. एकट्या खोलीवर राहणाऱ्या, बदलीच्या गावातल्या शिक्षिकेचा फोन नंबर असा उघड्यावर असणं म्हणजे काय, हे शिक्षक संघटनांच्या पुरुष पदाधिकाऱ्यांना कुणीतरी समजावून सांगा. या सगळ्या नोंदी रात्री घरी बसून भरतात त्या बहुतेक शिक्षिकाच, तेही स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या रिचार्जवर. आता 'अपार'चा क्रमांक आला, त्यासाठीही त्याच धावताहेत.

कायदा झालाय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा म्हणतो, की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकाची खात्रीलायक संमती हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, आणि शाळांना मुलांवर नजर ठेवण्याच्या बाबतीत काही सवलतीही. माझा प्रश्न साधा आहे: पालक म्हणजे कोण? १९९९ साली गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन आई ही बापाच्या हयातीतही पालक असू शकते हे म्हणून घ्यावं लागलं होतं. सहीसाठी आई चालते. वाद झाला की फॉर्मवरच्या त्या एका चौकटीत कोण मावणार?

शाळेच्या रजिस्टरात आईचं नाव यावं म्हणून आपण किती वर्षं भांडलो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव येतं, वडिलांच्या नावाच्या आधी. तेव्हा आपण म्हणत होतो, आम्हाला नोंदीत घ्या. आता काही बाबतींत म्हणावं लागेल, आम्हाला नोंदीतून वगळा. कार्यकर्त्यांच्या बैठकीत यावरून दोन तट पडले. एकीचं म्हणणं, नोंद नसली की बाई अदृश्य होते, मुलींची गळती तरी मोजणार कशी? मला तिचं म्हणणं पटतं. गळती मोजायला पोरींचा आकडा पुरतो, प्रत्येकीचा पत्ता आणि आधार क्रमांक लागत नाही, हे माझं उत्तर तिला पटलेलं नाही. वाद चालू आहे. तुम्हीही लिहा.

एक कबुली देते आणि थांबते. हे लिहायच्या आधी मी आपल्या केंद्राचीच झडती घेतली. लोखंडी कपाटाच्या किल्ल्या दोघींकडेच आहेत, याचा आम्हाला केवढा अभिमान. पण गेल्या तीन वर्षांच्या केसेसचा तक्ता एका कार्यकर्तीनं अहवालासाठी टाइप केला होता, आणि तो तिच्या स्वतःच्या, फुकटच्या क्लाउड खात्यात होता. नावं, पत्ते, माहेरचे फोन. त्या खात्याचा पासवर्ड तिच्या मुलालाही ठाऊक होता, कारण खातं त्यानंच उघडून दिलं होतं. तिच्यावर कुणी रागावलं नाही. तिला ते काम आम्हीच सांगितलं होतं, कुठं ठेवायचं ते सांगितलं नव्हतं. तो तक्ता त्या दिवशी तिच्यासमोरच पुसला. आता नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक आहेत, आणि क्रमांकांची यादी कपाटात. त्या तक्त्यातल्या एकशे सतरा जणींना हे कळवायचं की नाही, यावर आमची अर्धी बैठक गेली. ठरलं, की कळवायचं. पत्रानं नाही, कारण पत्र घरी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. ज्या भेटतील त्यांना समोर बसवून सांगतो आहोत. आजपर्यंत एकतीस जणींना सांगून झालंय.